उणे तीसपासून उणे पाचपर्यंत

गिरगावातल्या आमच्या घरी जुन्या मराठी नियतकालिकांचे अंक स्कॅन करून त्यातला मजकूर संगणकाकडून ओळखून घेण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. दिवसा स्कॅनरवर पाने लावायची, रात्री मजकूर ओळखणारा प्रोग्रॅम सुरू करून झोपायचे आणि सकाळी तयार झालेल्या फायली तपासायच्या, असा त्याचा क्रम असतो. या कामासाठी मी एएमडी कंपनीचा रायझन ७ ५८००एक्स हा आठ कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांचा, प्रोसेसर घेतला, कारण रात्रभर आठही कोअर एकाच वेळी राबतात आणि सकाळपर्यंत एक बाड पूर्ण होते. त्या प्रोसेसरचे व्होल्टेज बदलताना मी काय केले, कुठे चुकले आणि शेवटी कोणत्या आकड्यांवर स्थिरावले, ते इथे लिहिते आहे. पूर्ण आंधळेपणाने केलेला एक बदल माझ्या कामावर बेतला होता, आणि तो बदल करायला आजही अनेक जण एकमेकांना सुचवतात.

सुरुवात उन्हाळ्याने झाली. संगणकाच्या खोलीत वातानुकूलन नाही, आणि मे महिन्यात रात्री अकरा वाजताही तिथला पारा ३२-३३ अंशांच्या खाली येत नाही. मजकूर ओळखण्याचे काम सुरू झाले की पाच मिनिटांत प्रोसेसर ८८ ते ९० अंशांवर जाई आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येई. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंशच आहे आणि तिथपर्यंत पोहोचणे हे रचनेला धरूनच आहे, हे मला ठाऊक होते, त्यामुळे यंत्र बिघडले आहे असे मी मानले नाही. पण रोज सात-आठ तास त्या काठावर चालणारे यंत्र मला नको होते. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, चांगली थर्मल पेस्ट आणली, कूलर उतरवून पुन्हा बसवला, समुद्राच्या दमट हवेने जाळीवर चिकटून बसलेली धूळ ओल्या ब्रशने काढली. एवढे करून तीन-चार अंश कमी झाले. यापेक्षा जास्त होणारही नव्हते, कारण आठही कोअर जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यात आहेत आणि प्रोसेसरला मिळणाऱ्या १४२ वॅटपैकी बहुतेक उष्णता तेवढ्याशा जागेतून बाहेर पडायची असते. कूलर कितीही मोठा लावला तरी ती वाट अरुंदच राहते.

मग उष्णता मुळात कमी निर्माण व्हावी, हा एकच उपाय उरला. प्रोसेसर खर्च करतो ती शक्ती वारंवारितेच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.३५ व्होल्टच्या जागी १.२५ व्होल्ट दिले आणि वेग तोच ठेवला, तर खर्च सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. शिवाय चिपमधल्या तांब्याच्या बारीक तारांमधले अणू विद्युतप्रवाहाबरोबर हळूहळू सरकत जातात, आणि हे सरकणे तापमान वाढले की झपाट्याने वाढते. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली मांडलेले समीकरण याच झिजेचे आहे, आणि त्यात प्रवाहाची घनता आणि तापमान हे दोन्ही घटक आहेत. म्हणूनच 'अमुक व्होल्ट सुरक्षित' असे सुटे वाक्य मला अपुरे वाटते. किती प्रवाह असताना, किती अंशांवर आणि किती वेळ, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. एका कोअरवर हलके काम असताना माझा प्रोसेसर स्वतःहून १.४५ व्होल्ट मागतो आणि त्यात काही वावगे नाही, कारण तेव्हा प्रवाह अगदी थोडा असतो. तेच १.४५ व्होल्ट बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, पक्के करून आठही कोअरना रात्रभर दिले, तर प्रोसेसरचे आयुष्य निश्चित घटेल. एका जाणकार दुकानदाराने मला पक्के व्होल्टेज आणि पक्का वेग ठेवण्याचा सल्ला दिला होता, तो मी याच कारणाने मानला नाही.

पहिला प्रयत्न मी सरळसोट केला. बायोसमध्ये प्रोसेसरच्या एकूण व्होल्टेजमधून १०० मिलिव्होल्ट वजा केले. तापमान खाली आले, यंत्र बंद पडले नाही, पडद्यावर वेगही ४.४५ गिगाहर्ट्झ दिसत होता, पण एरवी पहाटे पाचला संपणारे बाड साडेपाच वाजून गेले तरी चालूच होते. एचडब्ल्यूइन्फो या मोजणीच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष वेग दाखवणारी 'इफेक्टिव्ह क्लॉक' नावाची वेगळी ओळ असते, ती पाहिल्यावर उलगडा झाला. व्होल्टेज कमी पडते आहे असे लक्षात येताच हा प्रोसेसर घड्याळाचा ठोका स्वतःच लांबवतो, म्हणजे कागदोपत्री वेग तोच राहतो आणि प्रत्यक्षातला घटतो. माझ्या यंत्रात ही तफावत २००-२५० मेगाहर्ट्झची होती. तेव्हापासून कोणताही बदल केला की मी तापमानाच्या आधी ती ओळ पाहते.

दुसरा प्रयत्न माझ्या भाच्याच्या सल्ल्याने झाला. तो म्हणाला, "मावशी, तू कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये जा आणि सगळ्या कोअरना सरळ उणे तीस टाक, सगळे तेच टाकतात." कर्व्ह ऑप्टिमायझर ही रायझन ५००० मालिकेतली सोय आहे. प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज लागेल याची जी वक्ररेषा कारखान्यातून ठरून येते, ती या सोयीने वर किंवा खाली सरकवता येते. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते आणि पायऱ्या उणे ३० पासून अधिक ३० पर्यंत असतात. म्हणजे उणे ३० टाकल्यावर ९० ते १५० मिलिव्होल्ट कमी होतात. यातून नुकसान झाले तर ते वॉरंटीत धरले जात नाही, हे भाच्याने सांगितले नव्हते, ते मी स्वतः वाचले.

उणे ३० टाकले आणि त्या रात्री मी अतिशय समाधानाने झोपले. तापमान ८१ अंशांवर थांबले, सिनेबेंच आर२३ या वेगाच्या चाचणीतला गुण सुमारे १५,०००च्या वर काही शेकड्यांनी गेला, इफेक्टिव्ह क्लॉकही पूर्ण मिळत होता. सलग चार रात्री आठही कोअर पूर्ण भाराने चालले आणि एकदाही अडखळले नाहीत. मला वाटले, झाले.

पाचव्या दिवशी सकाळी काम संपून तासभर झाला होता, संगणक नुसता चालू होता आणि मी ओट्यापाशी चहा गाळत होते. आतून पंख्यांचा आवाज एकदम थांबून पुन्हा सुरू झाल्याचे ऐकू आले. खोलीत येऊन पाहते तो यंत्र नव्याने सुरू होत होते. निळा पडदा दिसला नव्हता, कसलाही संदेश नव्हता. पावसाळा तोंडावर होता आणि इमारतीचे वायरिंग जुने आहे, म्हणून पहिला संशय विजेवर घेतला. पण यूपीएस एकदाही बॅटरीवर गेला नव्हता. मग एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेतला. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडली, आणि ती पाहून बरेच जण एसएमपीएस बदलून मोकळे होतात. प्रत्यक्षात ती नोंद एवढेच सांगते की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. कारण त्यात नसते. कारण तिच्या वर दोन ओळींवर होते. हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरची १८ क्रमांकाची नोंद, प्रकार 'कॅश हायरार्की एरर' (प्रोसेसरच्या आतल्या स्मृतीतली चूक), आणि खाली 'प्रोसेसर एपीआयसी आयडी: ६'. या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला दोन धागे असतात आणि हा क्रमांक धाग्याचा असतो, म्हणून शून्यापासून मोजले की ६ आणि ७ हे दोन्ही क्रमांक कोअर ३ चे. पुढच्या आठवड्यात आणखी दोन वेळा तसेच झाले, एकदा ६ आणि एकदा ७. दोन्ही वेळा यंत्रावर काहीच काम नव्हते.

रात्रभर राबताना न पडणारे यंत्र रिकामे असताना का पडावे, हे समजायला मला वेळ लागला, आणि या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा धडा मी तोच मानते. आठही कोअर भारावर असतात तेव्हा वॅटची मर्यादा आड येते, वेग ४.५ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो आणि त्या वेगाला लागणारे व्होल्टेज कमीच असते. यंत्र रिकामे असताना मात्र कुठलासा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, एकच कोअर क्षणभरासाठी ४.८५ गिगाहर्ट्झपर्यंत उसळतो, आणि त्या टोकाच्या वेगाला जे व्होल्टेज हवे असते त्यातूनच आपण नव्वद ते दीडशे मिलिव्होल्ट काढून घेतलेले असतात. त्यात ज्या कोअरना विंडोज अशा हलक्या कामासाठी प्रथम निवडते, ते कारखान्यात सर्वोत्तम ठरलेले कोअर असतात. त्यांची वक्ररेषा आधीच इतरांपेक्षा खाली असते, त्यामुळे कापायला त्यांच्याकडे फारसे शिल्लक नसते. माझ्या प्रोसेसरमध्ये असे दोन कोअर आहेत, १ आणि ३. सगळ्यांना सरसकट उणे ३० देणे म्हणजे सर्वांत काटकसरीने चालणाऱ्यालाच सर्वांत जास्त उपाशी ठेवणे होते.

यंत्र पुन्हा सुरू होणे मी एक वेळ सोसले असते. पण त्याच आठवड्यात १९५०च्या दशकातल्या एका बाडाची झिप फाइल तपासताना सीआरसी, म्हणजे फाइल बिनचूक आहे का ते पडताळणारा आकडा, जुळत नसल्याचा संदेश आला. झिप बनवल्यावर लगेच ती उघडून तपासायची आणि मगच मूळ प्रतिमा काढून टाकायच्या, ही माझी जुनी शिस्त आहे, म्हणून मूळ प्रतिमा शाबूत होत्या. तसे नसते तर त्या बाडाची बांधणी पुन्हा उघडावी लागली असती, आणि ज्या घरातून ते बाड आले होते तिथल्या आजोबांनी ते माझ्या हाती देतानाच सांगितले होते की पाने आता फक्त एकदाच वळतील. ती तुटकी झिप मी जपून ठेवली आहे. जास्त व्होल्टेजने प्रोसेसर जातो, कमी व्होल्टेजने काम जाते, आणि जाताना ते आवाज करतेच असे नाही. ती फाइल बनवताना यंत्र पडले नव्हते, अडखळलेही नव्हते. एका कोअरने कुठेतरी एक चुकीचे उत्तर दिले होते, एवढेच.

त्या दिवशी मी बायोसमधले सगळे आकडे मूळ स्थितीत नेले आणि पुन्हा पहिल्यापासून, वहीत नोंद करत, सुरुवात केली. आधी स्मृतीचा संशय दूर केला, कारण रॅम वाढीव वेगावर चालत असेल आणि तीच चुकत असेल तर प्रोसेसरवर कितीही मेहनत घेतली तरी उपयोग नाही. एक्सएमपी, म्हणजे रॅमचा तो वाढीव वेग, बंद करून आणि चालू करून, दोन्ही स्थितींत मेमटेस्ट८६ च्या पूर्ण फेऱ्या चालवल्या, एकही चूक आली नाही. त्यानंतर कोअरसायकलर ही छोटी स्क्रिप्ट घेतली. ती प्राइम९५ हा प्रोग्रॅम एका वेळी एकाच कोअरवर चालवते, ठरलेला वेळ झाला की पुढच्या कोअरवर जाते आणि गणिताचे उत्तर चुकले की कोणत्या कोअरने चुकवले ते लिहून ठेवते. प्राइम९५ मूळचा मोठ्या मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला, त्यामुळे त्याला बरोबर उत्तर काय यायला हवे हे तपासता येते, आणि माझ्या कामाला नेमके तेच हवे होते. नुसते तापवणाऱ्या चाचणीला ते कळत नाही. मी त्यात एसएसई हा हलका प्रकार निवडला, कारण त्यात कोअर सर्वाधिक वेगाला पोहोचतो.

सर्व कोअर उणे १५ वर ठेवून पहिली फेरी लावली, प्रत्येकी अर्धा तास. कोअर ० पार झाला. कोअर १ एकविसाव्या मिनिटाला चुकला. कोअर २ पार. कोअर ३ ची पाळी आली तेव्हा मी पडद्यासमोरच बसले होते. काळ्या खिडकीत ओळी सरकत होत्या, वेग ४.८५ दाखवत होता, तापमान अवघे ६४ अंश, पंखे जवळजवळ शांत, आणि दोन मिनिटेही पूर्ण होण्याआधी लाल अक्षरांत ओळ उमटली की कोअर ३ ने चूक केली. यंत्र तसेच चालू राहिले, दुसऱ्या खिडकीतले घड्याळ पुढे सरकत राहिले. ही ओळ दिसली नसती तर मला काहीच समजले नसते. चुकलेल्या कोअरला तीन पायऱ्या वर आणायचे, पार झालेल्याला दोन पायऱ्या खाली न्यायचे आणि पुन्हा रात्रभर चालवायचे, असे मी जवळजवळ तीन आठवडे केले. त्या काळात मजकूर ओळखण्याचे काम पूर्ण बंद ठेवले.  

शेवटी वहीत आलेले आकडे असे होते. कोअर ० उणे २०, कोअर १ उणे ८, कोअर २ उणे २४, कोअर ३ उणे ५, आणि उरलेले चार उणे २० ते उणे २५ च्या दरम्यान. हे आकडे कोणी स्वतःच्या यंत्रात उतरवून घेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याच नावाचा, त्याच खोक्यातला दुसरा प्रोसेसर घेतला तरी त्याचे कोअर वेगळे असतील. पार झालेल्या प्रत्येक आकड्यातून मी आणखी तीन पायऱ्या सोडल्या, आणि वर दिलेले आकडे त्या सोडल्यानंतरचे आहेत.

मधल्या काळात आणखी एक चूक सुधारली. लोड लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भार आल्यावर व्होल्टेज किती खाली येऊ द्यायचे ते ठरवणारी बायोसमधली सोय, मी पूर्वी सर्वांत वरच्या पातळीवर ठेवले होते, कारण भार आल्यावर व्होल्टेज खाली येते हे मला दोष वाटत होते. तो दोष नाही. भार अचानक उतरतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर वर उसळते, आणि ते आधी थोडे खाली असले तर ही उसळी मर्यादेत राहते. भार असतानाही व्होल्टेज ताठ ठेवले की ती उसळी थेट वरच्या मर्यादेपलीकडे जाते, आणि नेहमीच्या मोजणीच्या प्रोग्रॅमांना ती दिसतही नाही, इतकी ती अल्पकाळ असते. मी ते 'ऑटो'वर परत आणले. सोबत १४२ वॅटची मर्यादा ११० वॅट केली. उन्हाळ्यातल्या तापमानाचा खरा प्रश्न खरे तर या एका आकड्याने सुटला. मे महिन्यात यंत्र ७६ ते ७८ अंशांवर राहते आणि बाड पूर्ण व्हायला दहा-पंधरा मिनिटेच जास्त लागतात. कर्व्ह ऑप्टिमायझरला हात लावण्याआधी मी हे केले असते तर कदाचित तिथेच थांबले असते, आणि ज्यांना फक्त उष्णता कमी करायची आहे त्यांना मी आज हाच एक बदल आधी करायला सांगते.

जानेवारीत मी सगळी चाचणी पुन्हा घेतली. ती अनावश्यक आहे असे भाच्याचे मत होते. उन्हाळ्यात पार झालेले थंडीत नक्कीच पार होईल, असे मलाही वरवर वाटत होते. पण हा प्रोसेसर थंड असला की जास्त वेगाने उसळतो. पहाटे खिडकी उघडी ठेवली की खोली २० अंशांच्या आसपास येते, आणि अशा एका पहाटे मे महिन्यात चार वेळा पार झालेला कोअर ६ चुकला. त्याला चार पायऱ्या वर आणले. मुंबईत थंडीचे असे दिवस मोजकेच, पण चुकायला एक पहाट पुरते.

माझा प्रसंग माझ्याच हाताने ओढवला होता. याउलट, वापरणाऱ्याने काहीही न करता व्होल्टेज चुकल्याची उदाहरणेही जाहीर आहेत. २०२३ साली एएमडीच्या एएम५ सॉकेटमधले काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्यावर त्यांच्या एसओसी व्होल्टेजला (कोअर सोडून प्रोसेसरच्या इतर भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला) बायोसमधून १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. २०२४ साली इंटेलने तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे मान्य केले, नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही, पुढची टळते. म्हणून मदरबोर्डचे नवे बायोस आले की त्यासोबतचे टिपण वाचून मी ते घालते, स्थिर चाललेल्या यंत्राला हात लावू नये असे कितीही वाटले तरी.

बायोस बदलले की माझे आठही आकडे आणि ११० वॅटची मर्यादा पुसली जाते. ते आकडे मी कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एका कागदावर लिहून चिकटवले आहेत, कोअर ६ चा जुना आकडा खोडलेला तसाच दिसतो. नव्या बायोसमध्ये ते एकेक करून भरते आणि कोअरसायकलरची एक पूर्ण रात्र चुकीविना पार पडेपर्यंत स्कॅनरचे झाकण उघडत नाही.